फारच स्थिर

डॉक्टरांच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर एक नवराबायको बसले होते.

"आत गेल्यावर हात थरथरतो हे स्वतः सांगा. मला बोलायला लावू नका."

"सांगतो. त्या हातामुळेच परवाची जाहिरात पास झाली, हेही सांगू का?"

"काहीतरीच तुमचं."

"अगं, आधीची परत आली होती. म्हणे, कॅमेरा फारच स्थिर आहे, लोकांना वाटेल मशीननं बनवली. माणसानं शूट केल्यासारखी हवी."

"मग?"

"मग काय, स्टँड घरी ठेवला आणि कॅमेरा हातात धरला. साहेब खूश. म्हणाले, या हलण्यात तुमचा अनुभव दिसतो."

"वीस वर्षं श्वास रोखून कॅमेरा धरलात, तेव्हा कुणाला दिसला नाही तो."

"तेव्हा मी नुसताच चांगला होतो."

"चेष्टा पुरे. काल चहा अंगावर सांडलात."

"तिथं गिऱ्हाईक नव्हतं गं."

आतून त्यांचा नंबर पुकारला.

"चला. औषध देतील ते आजपासून घ्यायचं."

"घेतो. फक्त विचार त्यांना, पुढच्या शूटिंगनंतर सुरू केलं तर चालेल का."

ती उठता उठता परत बसली.

"किती दिवसांचं आहे शूटिंग?"