पहिली चूक वाच

सकाळी दहा पस्तीस. डोळ्यांच्या दवाखान्यात एक तरुण मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. नोकरीच्या चाचणीचा प्रोग्रॅम त्याला अकराच्या आत पाठवायचा होता. शेजारी त्याची आत्या, निवृत्त प्रोग्रॅमर. डोळ्यांत नुकतेच थेंब घातलेले.

“आत्या, कंपायलर चौदा चुका दाखवतोय.”

“मला अक्षर दिसत नाहीये. तूच वाच.”

“‘टाकी’ या स्ट्रक्चरमधली ‘पातळी’ वापरता येत नाही म्हणतो. अगं, पण आहे ना ती!”

“ही कितवी चूक?”

“शेवटची.”

“शेंडा काय धरून बसलास? पहिली वाच.”

“‘टाकी’चा तपशील अपुरा आहे म्हणे.”

“म्हणजे त्याला नाव कळलंय, आत काय आहे ते कळलेलं नाही. तपशील कुठे लिहिलास?”

“दुसऱ्या फाइलमध्ये.”

“ती इथे जोडलीस?”

“मला वाटलं, त्याला माहीत असेल.”

“बापावर गेलास अगदी. त्यालाही वाटतं, न सांगता सगळ्यांना कळतं.”

“थांब, जोडली. आत्या, एकच उरली!”

“वाच.”

तेवढ्यात नर्स आली आणि आत्याचा हात धरून तिला आत घेऊन गेली.

दहा अठ्ठावन्नला तो रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून ती चूक मोठ्यानं वाचत होता.