मागच्या तीन वर्षांपुरतं

नाही नाही, बसा, उठू नका, मी डॉक्टर नाही — आणि आतून काही निरोप आणला असंही नाही, घाबरू नका. मी आल्हाद, इथंच वर कॉम्प्युटरचं बघतो. मघाशी तुम्ही फोनवर मराठीत बोलून राहिल्या होत्या नं, म्हटलं चला, या हिंदी शहरात आपलंच माणूस आहे, विचारायला सोपं जाईल. रांझी भागातल्या नं तुम्ही? मुरलीधरजी तुमचे बाबा — स्कूटरवरून पडले, मांडीचं हाड, बेशुद्धच आणलं — हो, वाचलं मी, स्क्रीनवर सगळं येतं. म्हणजे, सगळं नाही येत, तेच सांगायला — सांगायला नाही, विचारायला आलो. साधी गोष्ट आहे, दीदी. बाबांना एखादं औषध सोसलं नाही, असं कधी झालंय का? अंगावर गांधी उठणं, तोंडाला सूज, धाप लागणं? आठवा. घाई नाही. म्हणजे आहे, थोडी आहे.

काहून विचारतो? असंच, नियम असतो. सिस्टरनी नाही विचारलं? नाहीच विचारणार. पूर्वी विचारायच्या, दोनदोनदा विचारायच्या, आता स्क्रीन बघतात. पेशंटचं नाव टाकलं की वर लाल पट्टी येते, याला हे औषध देऊ नका म्हणून. नाही आली तर द्या. आणि ती स्क्रीन उघडायला इतका वेळ लावायची की सगळ्या सिस्टर माझ्या नावानं बोटं मोडायच्या. काहून लावणार नाही — हॉस्पिटल सुरू झालं तेव्हापासूनचे सगळे पेशंट, सगळे रिपोर्ट, एकाच टेबलात. टेबल म्हणजे लाकडाचं नाही हो, माहिती ठेवतो त्याला म्हणतो आम्ही. मग मी त्याचे वर्षावर्षानं भाग पाडले, पार्टिशन म्हणतात — एका मोठ्या कपाटाची छोटी छोटी कपाटं केली समजा. पण कोणतं उघडायचं ते सांगावं लागतं नं, साल नाही सांगितलं तर मशीन सगळीच उघडत बसतं, मग आणखीच उशीर. म्हणून मी लिहून टाकलं, मागची तीन वर्षं बघ, बस. जुना रिपोर्ट कोणाला लागतो? रविवारी चालू केलं, सोमवारी स्क्रीन चुटकीसरशी उघडली, सिस्टर लोकांनी वर समोसे पाठवले, आणि मी खाल्ले, मजेत खाल्ले. शुगरचा रिपोर्ट जुना होतो, एक्स-रे जुना होतो. औषध न सोसणं जुनं होत नाही. हे माझ्या डोक्यातच आलं नाही, दीदी. तीच अट लाल पट्टीलाही लागली.

असं बघू नका माझ्याकडे. मलाही आत्ताच कळलं, जेवताना — सुखदा आहे आमची काउंटरवर, तिला एक गोळी चालत नाही, तिनं गमतीत स्वतःचं नाव टाकून पाहिलं, तर तिचीच पट्टी गायब. डबा तसाच टाकून उठलो. तेव्हापासून शोधून राहिलो. हे पहा, लॅपटॉपवर जुनी वर्षं चाळायला लावलीत, बाबांच्या नावानं. हे गोल गोल फिरून राहिलंय नं, ते तेच. जुनी वर्षं मी हळू चालणाऱ्या डिस्कवर टाकली होती, कोण उघडणार म्हणून. बाकीचे पेशंट शुद्धीत आहेत, त्यांना विचारून आलो. बाबा एकटेच आहेत, ज्यांना विचारता येत नाही, आणि आत ऑपरेशनआधीचं इंजेक्शन द्यायची तयारी चालू आहे.

आत सांगितलं का? सांगणार आहे नं. म्हटलं आधी तुम्हाला विचारू. तुम्ही म्हणाल्या काही नाही, तर मग काही झालंच नाही — मी वर जातो, ती अट काढतो, कोणाला कळायचं कारणही नाही. श्रद्धाला, माझ्या बायकोला, सातवा चालू आहे, ही नोकरी गेली तर या शहरात मला कोण — ते जाऊ द्या. भीती वाटून राहिली आहे, दीदी, खोटं काहून बोलू. आत जायला पाय उचलला नाही म्हणून इथं बसलो. म्हणा नं, काही नाही. कधीच काही झालं नाही म्हणा.

काय?

इथंच? गुडघ्याच्या वेळी — इंजेक्शन दिलं आणि डोळे सुजून बंदच झाले? औषधाचं नाव? नाही आठवत, अच्छा, तुमच्या लग्नाच्याही आधीचं. डॉक्टरांनी तुमच्यासमोर लिहून घेतलं होतं. अच्छा. म्हणजे आहे लिहिलेलं. म्हणजे माझ्याचमुळे — नाही, तुम्ही नका येऊ, तुम्हाला आत सोडणार नाहीत, मला सोडतील, माझ्याकडे कार्ड आहे. हा लॅपटॉप धरा. काही आलं तर तिथूनच ओरडून वाचा. आणि कोणी विचारलं तर माझं नाव सांगा, लपवू नका.

सिस्टर, दरवाजा खोलिए. नहीं, अभी. मुरलीधरजी को जो इंजेक्शन — हाँ, स्क्रीन साफ है, मालूम है मुझे, मैंने ही तो — सिस्टर, लग गया क्या?