वर्तुळाचा धडा

हायस्कुलात हेडमास्तरांच्या दारापुढं शिवशरणशेट अर्ज आणि अंगठ्यासाठी उघडलेली शाईची डबी घेऊन येरझारा घालत होते. बाकावर मेंढरं राखणारा धुळाप्पा बसला होता. दोघांची पोरं एकाच वर्गात.

"धुळाप्पा, ह्यावर अंगठा कर. भूमितीच्या तासाला पोरं मैदानात पळवणारा मास्तर काढलाच पायजे."

"पळवून शिकवतोय काय?"

"वर्तुळ! हातात हात धरायला लावून रिंगण केलं. आमच्या कल्लप्पाच्या हातात महाराच्या पोराचा हात!"

"आन् दुसऱ्या हातात?"

"तुझ्या सिदूचा. त्याचं काय न्हाय."

"आज न्हाय. उद्या त्योबी सोडायला लावाल की. कल्लप्पाला वर्तुळ आलं का?"

"आलं की! घरी बहिणीला शिकवतोय, अंगणात पळून पळून."

"मग शाईची डबी मिटा, मालक. वाळंल."