दिन्या आणि चटणीचा मिक्सर

देवाशप्पथ, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे दाराबाहेरून ऐकलंय.

आमचा दिन्या इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला. त्या खडखडाटात मनातलं सगळं बोलायचा, पण नव्या माणसापुढं तोंड उघडायचं नाही. कुरुंदवाडला मुलगी बघायला गेलतो. दोघांना स्वयंपाकघरात बोलायला बसवलं, तर हा गप्प.

"काय तरी बोला की," मुलगी म्हणाली.

"आवाज असला की जमतंय."

"मग थांबा." तिनं चटणीचा मिक्सर लावला. दिन्या सुटला! तेवढ्यात मिक्सर बंद पडला आणि घरभर ऐकू गेलं, "तुम्ही मला लई आवडलासा!"

लग्न झालं की.

गोष्टीत मिक्सर तेवढा मी पदरचा घातलाय. खरं तर तेव्हा वीज आधीच गेलती. दिन्या त्या शांततेतच बोलला.