गुरुवारची भट्टी

(घाना. बुधवारची दुपार, बाफो मामांची पडवी. मामा गावप्रमुख नानांच्या वतीनं बोलतात. नानांशी थेट कोणी बोलत नाही, जे काही ते मामांमार्फत. भाची सेरवा गावाजवळच्या सोन्याच्या खाणीची वकील.)

सेरवा : ...म्हणून उद्याच खाणीचं पहिलं सोनं ओतायला हवं, मामा. शुक्रवारपासून नवा कायदा. त्याआधी ज्या खाणीचं पहिलं सोनं ओतून झालं तिला जुन्या अटी, बाकीच्यांनी सरकारला दुप्पट वाटा द्यायचा.

मामा : मग आजच ओता की.

सेरवा : भट्टी उद्या दुपारशिवाय तयार होत नाही. मेला पंप बंदरात अडकून पडला होता.

मामा : आणि उद्या गुरुवार. धरणीमातेचा विसाव्याचा दिवस. त्या दिवशी काम बंद, हे तूच गावाशी केलेल्या करारात घातलंस.

सेरवा : तुम्ही माझं डोकं खाल्लंत म्हणून! खाणीचे साहेब म्हणतात, सोनं वितळवणं म्हणजे काही खणणं नव्हे.

मामा : तिच्याच पोटातलं काढून चुलीवर चढवलंय म्हणावं. पण ते राहू दे. उद्या गावातलं कोणी कामावर फिरकणार नाही, हीच अडचण ना?

सेरवा : हो. नानांनी परवानगी दिली तरच येतील.

मामा : मिळेल.

सेरवा : काय मिळेल?

मामा : परवानगी. एक मेंढा आणि दारूच्या दोन बाटल्या. रस्त्याच्या ठेकेदाराला नाही का मिळाली? नाना माझं ऐकतात. आता तुझं तोंड का उतरलं?

सेरवा : कुठे काय.

मामा : मी पाळण्यापासून बघतोय तुला. बोल.

सेरवा : सोमवारी अक्राला मंत्रालयात गेले होते, सवलत मागायला. समितीपुढे म्हटलं, खाण उभारायला पाच वर्षं लागली, त्यात आम्ही एकही गुरुवार मोडला नाही. परक्या माणसांनी आपल्या मातीला दिलेला शब्द पाळला, मग सरकारनंही त्यांना दिलेला जुन्या अटींचा शब्द पाळावा.

मामा : वा! मग?

सेरवा : एक म्हातारा सदस्य चष्मा काढून माझ्याकडे बघतच राहिला. पुढच्या सोमवारी निकाल देतो म्हणाले.

मामा : देतील सवलत?

सेरवा : काय सांगावं. निम्मे आपल्या बाजूचे वाटले.

मामा : आणि नाही दिली तर?

सेरवा : मालक खाण विकून जातील. फोनवर स्वच्छ सांगितलंय त्यांनी. आपल्या पेप्राचंही काम जाईल.

मामा : माझ्या पोराचं राहू दे. म्हणजे उद्या सोनं ओतलं तर खाण वाचते, पण तू खोटी पडतेस.

सेरवा : मी एकटीच खोटी पडले असते तर चाललं असतं, मामा. यापुढे कुठलीही कंपनी शब्द द्यायला गेली, की तो म्हातारा हसेल. आणि सरकारनं शब्द मोडला म्हणून आम्ही कुठल्या तोंडानं बोंबलायचं?

मामा : साहेबाला सांगितलंस हे?

सेरवा : सांगितलं. म्हणाले, भाषण पुरे, मेंढा केवढ्याला पडतो ते विचारून ये.

मामा : हुशार आहे. मग मी मेंढ्यावर सोडवून देतोय तर रडायला काय झालं? आलीस कशाला?

सेरवा : तुम्ही नाही म्हणाल असं वाटलं होतं. नाही म्हणावंत म्हणूनच तर आले. माझ्या तोंडून ते निघत नाही.

मामा : पेप्राला आत्ताच दुसरी मुलगी झाली.

सेरवा : माहीत आहे मला.

मामा : हं. गोड आहे पोरगी. रात्रभर रडते पण.

सेरवा : मामा...

मामा : लाव साहेबाला फोन. सांग, नाना नाही म्हणाले.

सेरवा : पण तुम्ही त्यांना विचारलंत कुठे?

मामा : संध्याकाळी जातो ना. नाना काय म्हणाले, ते त्यांनाच सांगून येतो.