खाली पडलेलं फडकं

ती नव्हे हो, ती तांबडी बादली चाकांची. निळी घ्या. निळीत साबणाचं पाणी, पांढरीत नुसतं पाणी, आणि तांबडी चाकं सोडून कुठे न्यायची नाही — चाकांना ब्रेकची काळी पूड असते, लोखंडच ते, एकदा का ती वरच्या पाण्यात आली की संपलं. तुम्ही म्हणाल, एक गाडी धुवायला तीन बादल्या? अहो, बारा वर्षं तुम्ही रुग्णवाहिका चालवलीत, मान्य, पण तिथे गाडी कशी दिसते हे बघायला कोण मोकळा असतो — आतला माणूस आडवा, बाहेरचे घाबरलेले. इथे तसं नाही. इथे साहेब साडेनऊला खाली उतरतात, गाडीभोवती एक चक्कर मारतात, मग बसतात. आज उतरले की त्यांच्यासमोर चावी तुमच्या हातात द्यायची आणि मी मोकळा. सव्वीस वर्षं झाली, पुरे झालं. तेव्हा अजून तासभर तुम्ही माझ्या ताब्यात आहात असं समजा. हात लावा बघू बॉनेटला — तळवा नाही, हाताची पाठ. गार आहे ना? मग करा सुरुवात. तापलेल्या पत्र्यावर साबण जागच्या जागी सुकतो, डाग धरतो, मग ते डाग काढायला घासत बसा. घासणं हा शब्दच विसरा तुम्ही. आपण गाडी घासत नाही.

थांबा, आधी पट्टा काढा. कंबरेचा, हो. हसताय कशाला, बकल लागतं — बॉनेटवर वाकलं की पोट टेकतं, तुमचं टेकत नसेल, माझं टेकतं, आणि पोटाबरोबर बकल. अंगठी पण काढा. घड्याळ पण. मी तर आठ वर्षं झाली, गाडी धुताना नाडीची विजार घालतो. साहेबांच्या सासूबाईंनी एकदा वरच्या खिडकीतून बघितलं आणि साहेबांना म्हणाल्या, तुमचा ड्रायव्हर आजारी आहे का, झोपायच्या कपड्यांतच येतो. साहेबांनी मला काही विचारलं नाही. ते विचारत नाहीत फारसं. माणूस चांगला, त्याबद्दल वाद नाही — वेळेवर सोडतात, आवाज चढवत नाहीत, माझ्या मुलीच्या लग्नात येऊन दोन तास बसले, जेवून गेले. पण विचारत नाहीत. समोर एखादी गोष्ट जशी दिसली तशीच ती आहे असं धरून चालतात. त्यांना वेळ नसतो, आणि आपल्याला ते सोयीचं पडतं, दोन्ही खरं आहे.

आता नुसतं पाणी मारा. वरून खाली — टप, काचा, बॉनेट, मग दारं, आणि दाराखालची पट्टी सगळ्यात शेवटी, कारण तिथे सगळ्यात जास्त घाण. धूळ म्हणतो ना आपण, ती नुसती धूळ नसते, बारीक वाळू असते तिच्यात. ती पाण्यानेच जेवढी निघेल तेवढी निघू द्या, तोवर हात लावायचा नाही. घाई कसली आहे? नाही हो, अजून पाऊण तास आहे — मी बघतोय घड्याळ, तुम्ही नका बघू. हां, आता हा लोकरीचा हातमोजा घाला, साबणात बुडवा, एक हात मारा, की लगेच पांढऱ्या बादलीत. पिळा. बघा तळाला, दिसली का वाळू? ती रंगावर फिरली असती. भांड्यांचा साबण कधी वापरायचा नाही, तो रंगावरचं पॉलिशच खाऊन टाकतो. आणि पाखरांनी घाण केली तर खरवडायचं नाही, ओलं फडकं दहा मिनिटं ठेवून द्यायचं वर, आपोआप सुटतं. आणि हात सरळ. पुढून मागे, मागून पुढे. गोल नाही फिरवायचा — अहो गोल नाही म्हटलं ना, टेबल पुसताय का? सरळ ओरखडा पडला तर एखाद्या बाजूनेच दिसतो. गोल पडला की कुठेही उभे राहा, उन्हात डोळ्यांवर येतो. कुणी शिकवलं म्हणजे? कुणी नाही. आपोआप शिकलो.

पडलं? राहू द्या. राहू द्या म्हटलं ना — उचलू नका ते. झटकून काय होतंय? धुऊन पण नाही. खाली पडलेलं फडकं गाडीला लावायचं नाही म्हणजे नाही, मग ते नवं कोरं असो, ते तिथेच पडू दे, जाताना उचलून तांबड्या बादलीत टाका, चाकांना होईल. डिकीत अजून सहा आहेत.

आवाज चढला माझा. मनावर घेऊ नका, तुमच्यावर नव्हता तो. सकाळी सकाळी परक्या माणसावर ओरडलो, आमच्या हिला कळलं तर म्हणेल, शेवटच्या दिवशी तरी नीट वागा. ते काय झालं होतं — आता निघालंच आहे तर ऐका, हात चालू ठेवा, दार करा तुम्ही ते, पुढचं. हेच दार. गाडी आणून चार महिने झाले होते, हाच गडद निळा रंग, आरसा नुसता. आणि मी तेव्हा एकाच बादलीत धुवायचो. सगळेच धुतात, एक बादली, एक फडकं, गोल गोल हात, मलाही तेच येत होतं. फडकं हातातून सुटलं, खाली पडलं, मी उचललं, बादलीत एकदा बुचकळलं आणि लावलं दाराला. एक खडा असेल, तांदळाच्या कणीएवढा. हाताला कळलं मला. कळतं हो, कर्रर्र झालं बोटाखाली, पण हात फिरलेला होता — दोनदा फिरला, तीनदा फिरला, मग थांबला. पाणी मारलं. इथपासून इथपर्यंत, तीन रेघा, धनुष्यासारख्या वाकलेल्या. मुलीचं लग्न ठरत होतं, हीच नोकरी सांगून ठरत होतं. आणि तेवढ्यात साहेब खाली.

चक्कर मारली. या दारापाशी थांबले. म्हणाले, हे कशाने? आता मी काय बोललो असेन असं वाटतं तुम्हाला? काही नाही. एक शब्द नाही. तिथे, त्या खांबाला वॉचमनची सायकल टेकवलेली असायची, रोजची जागा ती त्याची, गाडीपासून हातभर लांब. मी त्या सायकलीकडे बघितलं. एवढंच. बघितलं आणि परत खाली बघितलं. साहेबांनी माझ्या नजरेबरोबर बघितलं, म्हणाले, हं. आणि बसले गाडीत. आता तुम्ही सांगा — इतकी वर्षं गाडी चालवताय — सायकलच्या हँडलने गोल ओरखडा पडतो का? तीन तीन? सारख्या अंतरावर? लहान पोरानेसुद्धा ओळखलं असतं हे फडक्याचं काम आहे. पण त्यासाठी दाराकडे वाकून बघायला पाहिजे ना कुणीतरी. कुणी बघितलं नाही. मी बघत होतो, मी बोललो नाही.

वॉचमन? तेच तर. तो भांडला असता, आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, मला नीट खोटं तरी बोलता आलं असतं. तो दिवसभर विचार करत बसला की हँडल लागलं कसं. साहेबांनी म्हटलंय म्हणजे लागलंच असेल, असं धरलं त्याने. संध्याकाळी जुनी ट्यूब कापून हँडलच्या दोन्ही टोकांना गुंडाळत होता, सुतळीने बांधत होता घट्ट, आणि मला म्हणाला — माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी लहान, पण मला दादा म्हणायचा — म्हणाला, दादा, तुमच्या गाडीला लागलं, चुकलंच माझं, पुन्हा नाही व्हायचं. मला म्हणाला. मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, असू दे. मी त्याला माफ केलं, ऐकलंत ना? तिसऱ्या दिवशी साहेबांनी त्याला काढलं. अकरा वर्षं होता या गेटवर. हातात चिठ्ठी दिली, तिच्यात लिहिलं होतं, निष्काळजीपणामुळे. वॉचमनच्या चिठ्ठीत हा शब्द असला की कोणतं मोठं गेट घेतं हो त्याला?

नाही घेत. मला माहीत आहे, कारण मी बघितलंय. दोन वर्षांपूर्वी, बाजाराच्या मागच्या रस्त्याला, एका चपलांच्या दुकानाबाहेर स्टुलावर बसला होता, छत्री लावून, गिऱ्हाइकांच्या गाड्या राखत. सायकल शेजारीच. हँडलला अजून ती ट्यूब गुंडाळलेली. मी गाडी सरळ नेली नाही, डावीकडे वळवली. साहेब मागून म्हणाले, आज इकडून? म्हटलं पुढे खोदलंय. त्या दिवशी पहिल्यांदा घरी सांगितलं हिला. तिसऱ्या दिवशी म्हणाली, गाडीचं पाणी चारदा बदलता तुम्ही आणि तोंडातून एक वाक्य काढवत नाही तुमच्याच्याने. बरोबर बोलली. तेव्हापासून रोज सकाळी विचारते, सांगितलंत? मी म्हणतो, आज गर्दी होती. आज फोन चालू होता. आज सासूबाई होत्या गाडीत. आज तिने विचारलंच नाही. डबा हातात दिला आणि माझ्याकडे बघत उभी राहिली.

म्हणून आज. साहेब चक्कर मारतील ना, या दारापाशी आले की सांगायचं. जास्त काही नाही, दोन वाक्यं पाठ केलीत मी — ओरखडा माझ्या हातून झाला, आणि साहेब, त्याला दोन ओळी नव्याने लिहून द्या, की चूक त्याची नव्हती. साठी गाठायला त्याला अजून दोन वर्षं आहेत, चिठ्ठी मिळाली तर एखाद्या चांगल्या गेटवर, निदान डोक्यावर छप्पर असलेल्या ठिकाणी बसेल. मला आता काय करणार आहेत, काढून टाकतील? माझा आजच शेवटचा दिवस आहे. हो, तेच म्हणताय ना तुम्ही मनात, की सुरक्षित झाल्यावर बरा धीर आला. म्हणा. मला लाज वाटते, भाऊ. दुसरा शब्द नाही त्याला. या तीन बादल्या, हे हातमोजे, ही विजार, सगळे म्हणतात काय जपतो हा गाडी, इकडचे इतर ड्रायव्हर शिकायला येतात माझ्याकडे. गाडी नाही हो जपत मी. त्या दिवसानंतर एकही रेघ पडू दिली नाही, कारण आणखी एक पडली असती तर या वेळी कुणाकडे बघितलं असतं, याची मला खात्री नव्हती.

चला, साबण उतरवा आता, सुकायच्या आत. आणि पुसायची नाही, टिपायची — जाड टॉवेल पसरायचा, वरून थोपटायचा, उचलायचा. असं. हां, जमतंय. हात चांगला आहे तुमचा. लिफ्ट वाजली का? वाजली. सरका जरा.

नमस्कार साहेब. हो, हेच ते, रुग्णवाहिकेवाले, सगळं दाखवलंय त्यांना. झाली साहेब, मागचं तेवढं टिपायचं राहिलंय. साहेब — एक बोलायचं होतं. नाही, पगाराचं नाही, ते सगळं मिळालं. हे दार. गाडी नवीन असताना ओरखडा पडला होता बघा — हो, दार रंगवून घेतलं होतं आपण, तेच. तो सायकलने नव्हता पडला. माझ्या हातून पडला होता, धुताना. मी तेव्हा बोललो नाही. नाही साहेब, दार चांगलं आहे, काही दिसत नाही आता. दाराचं नाही म्हणत मी. त्यापायी आपल्या वॉचमनना काढलं ना. वॉचमन, साहेब. नाही, हे नाहीत, हे परवा आले. ते मिशीवाले? तेही नाहीत, ते त्यांच्यानंतर. त्यांच्या आधीचे. उंच होते, जरा वाकून चालायचे. अकरा वर्षं होते साहेब इथे. तुमच्या मुलीला, ताईंना, लहानपणी सायकल नाही का शिकवली, इथेच, पार्किंगमध्ये, सीट धरून मागे पळायचे —

नाही साहेब. तो मी नव्हतो. मला सायकल येत नाही.

हो. हो, जुनी गोष्ट आहे. नाही, तुमचं बरोबर आहे, किती माणसं येतात जातात. काही नको होतं साहेब, दोन ओळी — नाही, काही नाही, असंच. तुमचे उपकारच आहेत. हो, दहाला पोचायचंय, वीस मिनिटं लागतील, पुलावरून गेलात तर पंधरा. या, बसा, मी उघडतो, दार ओलं आहे.

तुम्ही काय उभे राहिलात? ही घ्या चावी. पट्टा लावा आधी तुमचा, तिथे पाइपावर आहे. बादल्यांचं मी बघतो. निघा.