मालकानं सांगतलेली खूण

गोंगाटाचं काय घेऊन बसले वो, माणूस त्याले सरावते. माह्यं ऐका.

आमच्या बाजूचं घर पुण्याच्या मालकानं चिखलदऱ्याले जाणाऱ्या पाहुण्यायले दोन-दोन दिवस भाड्यानं देणं सुरू केलं. रोज नवी टोळी, रोज धाडधाड गाणे. मे महिन्यात एक दिवस सकाळीच एक टोळी गेली. म्हटलं, सुटलो बाप्पा!

हे मोर्शीले गेले होते, घरात मी एकटीच. दुपारी स्वयंपाकघरातून हॉलमध्ये आली, तं कूलरसमोर चार धिप्पाड माणसं आडवे पडलेले. पाचवा बसला होता, हातात हा एवढा सुरा! तो सुरा घेऊन उठला अन् माह्याकडेच आला.

"काकू, टरबूज कापलंय. जरा मीठ मिळेल का?"

मी पयले मीठ देल्लं. मंग कसंबसं विचारलं, "तुमी माह्या घरात काहून?"

"हे तुमचं घर आहे? मालक फोनवर म्हणाले, दार उघडं असेल, कूलर चालू असेल, सरळ आत जाऊन झोपा."

"अरे बाबा, मे महिन्यात अमरावतीत दुपारी कोणाचं दार बंद राह्यते? कूलरची हवा खेळन कशी?"

बिचारे माफी मागून बाजूच्या घरात गेले. पण आता बाजूले गाणे वाजून राह्यले का मी निवांत झोपते. बंद झाले का उठून पयले हॉलमध्ये डोकावते.